वीस की पंचवीस, हा प्रश्नच नव्हे

पल्मनरी हायपरटेन्शनची, म्हणजे फुफ्फुसाच्या धमनीतल्या वाढलेल्या रक्तदाबाची, व्याख्या बदलून आता काही वर्षं झाली, तरी तिच्यावरचा वाद शमलेला नाही. २०१८ साली फ्रान्समधल्या नीस शहरात भरलेल्या सहाव्या जागतिक परिषदेने फुफ्फुसाच्या धमनीतल्या सरासरी दाबाची मर्यादा २५ मिलिमीटरवरून (पाऱ्याच्या) २० वर आणली आणि दोन तट पडले. एक तट म्हणतो, रेघ खाली ओढून काल निरोगी असलेल्या माणसांना आज रुग्ण करून टाकलं. यात उखळ पांढरं होणार ते औषध कंपन्यांचं. दुसरा म्हणतो, हा आजार इतक्या चोरपावलांनी येतो की २५ ची वाट पाहत बसणं म्हणजे रोग्याला वाऱ्यावर सोडणं. डॉक्टरांच्या परिसंवादात काय आणि समाजमाध्यमांवर काय, सामना हाच: वीस की पंचवीस?

दोन्हीकडचा आवेश खरा आहे, पण भांडण चुकीच्या आकड्यावरून चाललंय. फुफ्फुसाच्या धमनीतला दाब एकटा घेतला तर रोगाची जात कळत नाही, आणि औषध कोणतं द्यायचं हे तर मुळीच कळत नाही. रक्ताच्या वाटेत अडथळा किती आहे, म्हणजे फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा रोध किती आहे, हे मोजल्याशिवाय २२ काय आणि ४२ काय, त्यावरून कुणावर औषधांचा मारा सुरू करू नये आणि ‘घाबरण्यासारखं काही नाही’ असंही सांगू नये. गंमत अशी की ज्या परिषदेवर एवढा गदारोळ झाला, तिने जवळपास हेच म्हटलं होतं. दाबाची रेघ खाली आणताना तिने सोबत अट घातली: दोष फुफ्फुसांच्या धमन्यांकडेच आहे असं म्हणायचं, तर रोध किमान ३ वुड युनिट (हे रोधाचं माप) भरला पाहिजे. २०२२ मध्ये युरोपातल्या हृदयरोग आणि श्वसनरोग संघटनांनी ही अट ‘२ च्या वर’ अशी केली. चर्चा पहिल्या वाक्याची झाली. दुसऱ्या वाक्यापर्यंत फार थोडे लोक पोचले.

रोध म्हणजे काय हे आधी पाहू, कारण वादाचं मूळ तिथेच आहे. शरीरभर फिरून आलेलं सगळं रक्त फुफ्फुसांतून जातं. विश्रांतीत मिनिटाला साधारण पाच लिटर. शरीराच्या बाकीच्या धमन्यांमधून तेवढंच रक्त ढकलायला सरासरी ९० च्या घरातला दाब लागतो, फुफ्फुसांत मात्र १४ च्या आसपास भागतं. तिथलं जाळं इतकं सैल आणि विस्तीर्ण आहे की रोध उरलेल्या शरीराच्या जेमतेम दशांश. तो काढायची रीतही शाळकरी गणिताची आहे. फुफ्फुसाच्या धमनीतल्या सरासरी दाबातून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यातला दाब वजा करायचा आणि बाकीला मिनिटाला वाहणाऱ्या लिटरांनी भागायचं. जे येतं ते वुड युनिट. ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ पॉल वुड यांच्या नावावरून. निरोगी माणसात हा आकडा दोनच्या आत राहतो.

आता समजा तीन रुग्ण आहेत आणि तिघांच्याही फुफ्फुसाच्या धमनीत सरासरी दाब ३० आहे. पहिल्याला तीव्र रक्तक्षय आहे. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी, म्हणून हृदय मिनिटाला ११ लिटर रक्त फिरवतंय. डावीकडचा दाब ८. तीसातून आठ गेले बावीस, भागिले अकरा, रोध २. म्हणजे रक्तवाहिन्या ठीक आहेत, पूरच मोठा आहे. दुसरीचं हृदय वयाने आणि जुन्या रक्तदाबाने ताठरलेलं, डावीकडचा दाब २४, प्रवाह ४ लिटर. सहा भागिले चार, रोध दीड. रक्तवाहिन्या इथेही बिचाऱ्या निर्दोष, तुंबलंय ते पुढे. तिसरीचा डावीकडचा दाब ८, पण प्रवाह साडेतीन लिटरच. रोध सहाच्या वर. हिच्या फुफ्फुसातल्या बारीक धमन्या आतून जाड होऊन बुजत चालल्यात. रस्त्यावर वाहनांची रांग लागते तेव्हा एकतर गाड्याच फार आलेल्या असतात, नाहीतर पुढचा चौक तुंबलेला असतो, नाहीतर रस्ताच अरुंद झालेला असतो. रांग किती लांब आहे एवढंच सांगितलं, तर वाहतूक पोलिसाने करायचं काय? पहिल्याला रक्तक्षयाचा उपचार हवा, दुसरीला डाव्या हृदयाचा, तिसरीला फुफ्फुसांच्या धमन्या उघडणारी महागडी, आयुष्यभराची औषधं. वीस की पंचवीस या वादात हे तिघेही एकाच रांगेत उभे राहतात.

पहिल्या तटाचा मुद्दा आधी घेऊ. ‘काल निरोगी होते ते आज रुग्ण झाले’ हे वाक्य गृहीत धरतं की २५ ही निसर्गाची रेघ होती. ती कुठून आली? १९६५ च्या सुमारास स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत अमिनोरेक्स नावाचं भूक मारणारं औषध बाजारात आलं. वजन उतरवायला म्हणून ते घेणारी माणसं धाप लागून, पाय सुजून डॉक्टरांकडे येऊ लागली. कारण उघड दिसत नव्हतं. रोग होता फुफ्फुसांच्या धमन्यांत. १९६८ मध्ये ते औषध मागे घेतलं गेलं, आणि या साथीच्या पार्श्वभूमीवर जागतिक आरोग्य संघटनेने १९७३ साली जिनिव्हात तज्ज्ञांची बैठक बोलावली. २५ चा आकडा तिथला. रोग निःसंशय आहे असं म्हणता यावं म्हणून सुरक्षित अंतर राखून काढलेली ती रेघ होती. निवांत पडलेल्या निरोगी माणसाचा हा दाब २० च्या वर जात नाही, हे त्याच बैठकीच्या अहवालात नोंदलेलं आहे. म्हणजे २० ते २५ हा पट्टा तेव्हाही निरोगी मानला गेला नव्हता. त्याचं काय करायचं हे कळत नव्हतं, म्हणून तो बाजूला ठेवला गेला. ‘काल निरोगी होते’ हे म्हणूनच खरं नाही. शिवाय रोधाची अट सोबत असल्यामुळे धमन्यांच्या आजाराच्या रुग्णांत झालेली वाढ बातम्यांवरून वाटावी त्यापेक्षा कितीतरी थोडी आहे.

दुसऱ्या तटाची बाजू शरीरशास्त्राच्या दृष्टीने भक्कम आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. फुफ्फुसांत राखीव वाटा इतक्या आहेत की शस्त्रक्रियेत एक अख्खं फुफ्फुस काढलं तरी विश्रांतीतला दाब फारसा वाढत नाही. प्रवाह वाढला की मिटलेल्या केशवाहिन्या उघडतात, उघड्या असलेल्या रुंदावतात आणि रोध उलट कमी होतो. तेव्हा विश्रांतीतही दाब वाढलेला दिसतोय याचा अर्थ बहुतेक राखीव साठा संपलाय. २५ च काय, २० सुद्धा उशिराच वाजलेली घंटा आहे. पण इथूनच या तटाची गफलत सुरू होते. २२ दाब असलेल्या माणसांत धमन्यांच्या दुर्मीळ आजाराची माणसं मूठभर. बाकीच्यांचं दुखणं डाव्या हृदयात किंवा खुद्द फुफ्फुसाच्या आजारात. लवकर निदान हवं हे खरं, पण निदान कशाचं? रोध न पाहता केलेलं लवकर निदान हे लवकर मारलेलं लेबल असतं. अमेरिकेतल्या चाळीस हजारांवर माजी सैनिकांच्या तपासण्यांवर आधारलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूचा धोका २.२ वुड युनिटपासूनच वाढू लागतो, असं त्यात दिसलं. लवकर पकडायचं तर पकडायची जागा ही आहे.

दाबावर विसंबण्याचा सर्वांत घातक प्रकार मात्र या वादात क्वचितच येतो. दाब घसरतो तेव्हा काय समजायचं? एका रुग्णाचा सरासरी दाब ५० आहे, डावीकडचा १०, प्रवाह ५ लिटर, रोध ८. दोन वर्षांनी दाब ४२ वर आलाय. घरची मंडळी खूश, फाइलवर ‘सुधारणा’ असा शेरा. प्रवाह मात्र अडीच लिटरवर आलेला. बत्तीस भागिले अडीच. रोध जवळपास १३. उजवं हृदय मुळात पातळ भिंतीचं, कमी दाबाच्या कामासाठी घडलेलं. त्याने काही वर्षं जोर लावला, भिंत जाड केली आणि आता ते हरू लागलंय. दाब उतरला तो त्यामुळे. या टप्प्यावर जो दाबच पाहतो तो रुग्ण मृत्यूच्या दिशेने निघालेला असताना समाधानाने मान डोलावतो. आणि आपण भांडतोय कशावर, तर वीस की पंचवीस!

रोधाचा आकडा नुसता वर्गीकरणासाठी नसतो, त्यावर शस्त्रक्रिया ठरतात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः छिद्र असलेली प्रौढ व्यक्ती घ्या. दाब वाढलाय. छिद्र बुजवायचं का? अनेक वर्षं फुफ्फुसांत जादा रक्त जात राहिल्यामुळे दाब वाढला असेल आणि रोध तीनच्या आत असेल, तर बुजवावं. रोध पाच किंवा त्याहून जास्त असेल आणि औषधांनीही खाली येत नसेल, तर बुजवू नये, असं २०२० ची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. कारण तोवर ते छिद्र उजव्या हृदयाचा सुटकेचा मार्ग बनलेलं असतं. तो बंद केला तर हृदय कोंडीत सापडतं. पॉल वुड यांनी १९५८ मध्ये आयझेनमेंगर सिंड्रोमवर लिहिलं तेव्हाही दुखणं हेच होतं: रोध पुरेसा वाढला की छिद्र कुठेही असो, प्रवाह उलटा फिरतो आणि माणूस निळा पडतो. हृदय प्रत्यारोपणातही हीच कथा. दात्याच्या उजव्या हृदयाला उंच रोधाविरुद्ध काम करायची सवय नसते, म्हणून घेणाऱ्याच्या फुफ्फुसांचा रोध आधी मोजतात आणि तो औषधाने उतरतो का हेही पाहतात. तिथे कुणी ‘दाब वीस की पंचवीस’ विचारत बसत नाही.

उलट, उंच रोध म्हणजे आजार असंही सरसकट म्हणता येत नाही. गर्भात तो उंचच असावा लागतो. तिथे फुफ्फुसांना काम नसतं, हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण दहावा हिस्साच तिकडे जातो. जन्मानंतरच्या पहिल्या श्वासांनी फुफ्फुसं फुलतात, प्राणवायू पोचतो आणि रोध कोसळतो. तो कोसळला नाही तर बाळाच्या जिवावर बेतते. अशा बाळांना श्वासावाटे नायट्रिक ऑक्साइड देतात. त्याला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली.

रोधाकडे न पाहता औषध दिल्याने काय होतं, याचे पुरावेही आहेत. एपोप्रोस्टेनॉल हे फुफ्फुसांच्या धमन्यांच्या आजारावरचं पहिलं मोठं औषध, १९९५ मध्ये मान्यता मिळालेलं. डावं हृदय निकामी होत आलेल्या रुग्णांवर त्याची चाचणी घेतली, ती मृत्यू वाढताना दिसू लागल्याने लवकर थांबवावी लागली. १९९७ चा हा अहवाल. वीस वर्षांनी स्पेनमधल्या एका चाचणीत, हृदयाची झडप दुरुस्त होऊनही फुफ्फुसातला दाब चढाच राहिलेल्या रुग्णांना सिल्डेनाफिल हे धमन्या सैल करणारं औषध दिलं. औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडली. यात नवल नाही. पुढचा चौक तुंबलेला असताना मागचा रस्ता रुंद केला, तर आणखी रक्त येऊन त्याच फुफ्फुसात साचणार. दोन्ही वेळा हेतू चांगला होता आणि दाब खरोखरच वाढलेला होता.

आता माझ्या बाजूवरचे आक्षेप. पहिला आणि सर्वांत अडचणीचा असा: रोध २ ते ३ आणि दाब २१ ते २४ या पट्ट्यातल्या लोकांना उपयोगी ठरलेलं औषध आज नाही. मोठ्या चाचण्यांमध्ये घेतलेले रुग्ण जवळपास सगळे जुन्या व्याख्येतले, दाब २५ किंवा वर आणि रोध तीनच्या वर. मग ज्यावर इलाज नाही ते मोजून करायचं काय? हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. पण मोजणं आणि औषध देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्लेरोडर्माच्या, म्हणजे त्वचा आणि आतले अवयव कडक करणाऱ्या आजाराच्या, रुग्णात रोध अडीच निघाला तर गोळी लिहायची गरज नाही, त्याला नजरेखाली ठेवायची गरज आहे, कारण या आजारात धमन्या बुजत जाण्याचा धोका खराखुरा आहे. हाच अडीच डाव्या हृदयाच्या रुग्णात निघाला तर त्याचा अर्थ वेगळा.

दुसरा आक्षेप, रोध मोजायला कॅथेटर घालावा लागतो. मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून नळी हृदयात जाणार, आणि तीही फक्त एका आकड्यासाठी? वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने १९२९ मध्ये स्वतःच्या हातातून नळी आपल्याच हृदयापर्यंत सरकवली, तेव्हा त्याला वेड्यात काढणारे होतेच. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. अर्थात वेड्यात काढलं गेलेलं प्रत्येक तंत्र पुढे बरोबर ठरतं असं नव्हे, आणि याच नळीचा नंतरचा इतिहास माझ्या विरोधकांच्या कामाचा आहे. १९७० मध्ये टोकाला फुगा असलेला स्वान-गांझ कॅथेटर आला आणि अतिदक्षता विभागांत तो सर्रास वापरला जाऊ लागला. २००५ पर्यंतच्या चाचण्यांनी दाखवलं की असा सरसकट वापर करून रुग्ण जास्त जगत नाहीत. बरोबरच आहे. कशासाठी मोजतोय हे ठाऊक नसताना घातलेली नळी काही देत नाही. इथे मात्र प्रश्न नेमका आहे: रक्तवाहिन्या बुजल्यात की नाही? उत्तरावर वर्षानुवर्षांचा उपचार अवलंबून आहे. धोक्याचं म्हणाल, तर अनुभवी केंद्रांतल्या ७,२१८ तपासण्यांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा आहे: गंभीर गुंतागुंत १.१ टक्के, मृत्यू चार. शून्य नाहीत. चुकीचं औषध आयुष्यभर घेण्याशी तुलना करा आणि मग सांगा.

तिसरा आक्षेप जाणकारांचा, आणि मला तो सर्वांत आवडतो. रोध हा मोजलेला आकडा नव्हे, तो तीन मोजमापांवरून काढलेला आहे. तिन्हींच्या चुका त्यात जमा होतात. कॅथलॅबमध्ये, म्हणजे ही नळी घालतात त्या खोलीत, हे डोळ्यांनी दिसतं. फुगा फुगवला की नळीचं टोक धमनीच्या फांदीत जाऊन अडकतं, पडद्यावरच्या उंच लाटा मावळून लहान होतात आणि पलीकडच्या डाव्या कप्प्याचा दाब दिसू लागतो. याला वेज प्रेशर म्हणतात. तो श्वास सोडून झाल्यावर वाचायचा; दम्याने किंवा श्वासनलिकांच्या जुनाट आजाराने छाती फुगलेल्या माणसात श्वासागणिक रेघ वरखाली नाचत असते, आणि यंत्राने आपोआप काढलेली सरासरी फसवते. दाब २४ आणि प्रवाह ५ असताना डावीकडचा दाब १२ वाचला तर रोध २.४, १५ वाचला तर १.८. तीन मिलिमीटरमध्ये माणूस रेघेच्या अलीकडून पलीकडे. शिवाय हे सूत्र रक्त एकसारखं वाहतं असं धरून चालतं, आणि हृदय तर ठोक्याठोक्याने ढकलतं. सगळं मान्य. पण या युक्तिवादाचा शेवट काय? रोध मोजण्यात चूक होऊ शकते म्हणून तो नीट मोजावा, शंका असेल तर परत मोजावा, चालताना-पायडल मारताना दाब आणि प्रवाह कसे वाढतात तेही पाहावं. २०२२ च्या व्याख्येत व्यायामाच्या वेळी प्रवाहामागे दाब किती चढतो याचं प्रमाण आलं आहे ते यासाठीच. दाबाकडे परत जावं, हे त्यातून कसं निघतं? वेज प्रेशर चुकलं तर रोध चुकतो. ते घेतलंच नाही तर चूक झाली हेही कळत नाही.

हे सगळं डॉक्टरांचं डॉक्टरांत राहिलं असतं तर लिहिण्याची गरज नव्हती. पण टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट रुग्णाच्या हातात येतो. त्यात ‘आरव्हीएसपी ४४’ अशी ओळ असते, आणि घरी जाऊन माणूस तो आकडा वीस-पंचवीसच्या शेजारी ठेवून हादरतो. तो आकडा मुळात सरासरी दाबाचा नसतोच. उजव्या हृदयाच्या खालच्या कप्प्यातला, ठोक्याच्या वेळचा सर्वांत वरचा दाब असतो तो, आणि तोही अंदाजाने काढलेला. उजवीकडच्या झडपेतून मागे झिरपणाऱ्या रक्ताचा वेग मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, चाराने गुणायचं आणि वर उजव्या कप्प्याचा अंदाजी दाब मिळवायचा. वेग ३ मीटरऐवजी ३.३ वाचला गेला की ३६ चे जवळजवळ ४४ होतात. इको हा दरवाजा ठोठावणारा आहे, आत काय आहे ते सांगणारा नव्हे. त्याच्यावरून पुढची तपासणी ठरवावी. त्याच्यावरून धमन्यांची औषधं सुरू करणं किंवा छिद्र बुजवायला घेणं हा प्रकार थांबायला हवा, मग व्याख्येतली रेघ वीसवर असो की पंचवीसवर.

तेव्हा जे अतिनिदानाची भीती घालतात त्यांनी कंपन्यांच्या नावाने बोटं मोडण्याआधी एवढं विचारावं: या रुग्णाचा डावीकडचा दाब आणि प्रवाह कुठे लिहिलाय? तो नसेल तर त्यांचा संशय रास्त आहे, आणि असेल तर वाद तिथेच मिटतो. जे लवकर उपचाराची मागणी करतात त्यांनी दोन ते तीन वुड युनिटच्या रुग्णांवर चाचणी घ्यावी आणि औषध न घेणाऱ्यांच्या तुलनेत ते जास्त चालतात, कमी वेळा दवाखान्यात जातात, जास्त जगतात का ते दाखवावं. तोवर या पट्ट्यात औषध लिहिणाऱ्यांनी ते कशाच्या आधारावर लिहिलं, हे रुग्णाला सांगितलं पाहिजे.